परभाषेचे वाक्प्रचार : उझबेकचा धडा

वैद्यकीय शिक्षणासाठी उझबेकिस्तानात जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचा ओघ गेल्या काही वर्षांत वाढला आहे. समरकंद, ताश्कंद, बुखारा ही एके काळी इतिहासाच्या पुस्तकात भेटणारी नावे आता महाराष्ट्रातील अनेक घरांतून मुलामुलींच्या पत्त्याचा भाग म्हणून उच्चारली जातात. परदेशी पदवी घेऊन भारतात व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१ साली जे नियम केले, त्यांनुसार शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असले पाहिजे आणि त्याच परदेशी संस्थेत किमान बारा महिन्यांची आंतरवासिता पुरी केली पाहिजे. या दोन अटी एकत्र वाचल्या की एक विसंगती लक्षात येते. पुस्तक इंग्रजीत, व्याख्यान इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. परंतु ज्याच्या नाडीवर बोट ठेवावयाचे तो रुग्ण मात्र इंग्रजी बोलत नाही. तो उझबेक बोलतो. समरकंद व बुखारा येथील पुष्कळ घरांतून ताजिक बोलली जाते, हे खरे. पण देशाच्या सर्वसाधारण व्यवहाराची भाषा उझबेकच आहे.

या अडचणीवर उपाय म्हणून विद्यार्थ्याला थोडीफार उझबेक शिकविली जाते किंवा तो ती स्वतःच शिकतो. अंक, वार, अवयवांची नावे, ‘कोठे दुखते’, ‘केव्हापासून दुखते’ असे काही प्रश्न तो पाठ करतो. प्रश्न विचारता येतो. अडचण येते ती उत्तर ऐकताना. कारण प्रश्न पाठ्यपुस्तकातला असला तरी उत्तर पाठ्यपुस्तकातले नसते. दुखणे सांगणारा माणूस शब्दकोशातील शब्द वापरीत नाही. आईकडून ऐकलेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांत रुळलेले वाक्प्रचार वापरतो. शब्द ओळखीचे आणि अर्थ अनोळखी, अशी स्थिती येथे निर्माण होते.

उदाहरणे घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. ‘युरागिम सिकिल्याप्ती’ या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘माझे हृदय आवळले जात आहे’ असा होतो. नवशिक्या विद्यार्थ्याचे लक्ष लगेच छातीकडे जाईल. परंतु उझबेक माणूस हे वाक्य बहुधा उदास वाटते, जीव कोंडल्यासारखा होतो, करमत नाही, अशा अर्थाने उच्चारतो. खरोखर हृदयाच्या जागी दुखत असल्यास तो ‘युरागिम ऑग्रियाप्ती’ म्हणेल. ‘कोंग्लिम आय्नियाप्ती’ म्हणजे शब्दशः ‘माझे मन बिघडते आहे’. प्रत्यक्षात त्याला मळमळत असते. ‘इचिम केत्याप्ती’ म्हणजे ‘माझे आतले जात आहे’. रुग्णाला जुलाब होत असतात. ‘बॉशिम कॉत्दी’ म्हणजे ‘डोके ताठरले’; पण ती व्याधी नव्हे, माणूस केवळ गोंधळून गेला आहे. याउलट ‘बॉशिम आय्लान्याप्ती’ म्हणजे ‘माझे डोके फिरते आहे’. मराठी विद्यार्थ्याने याचे मनातल्या मनात मराठी केले तर रुग्ण संतापला आहे असा त्याचा समज होईल. रुग्णाला मात्र चक्कर येत असते.

यात उझबेक लोकांचे काही विचित्र आहे असे मुळीच नाही. मराठी माणूस ‘पोटात गोळा आला’ असे म्हणतो तेव्हा एखाद्या परदेशी डॉक्टरने त्याचे पोट चाचपून गाठ शोधू लागावे, त्यातलाच हा प्रकार. ‘छातीत धस्स झाले’, ‘जीव खालीवर झाला’, ‘डोके उठले’, ‘पित्त खवळले’ ही वाक्ये मराठी डॉक्टरला समजतात, कारण तो वैद्यक शिकण्यापूर्वी मराठी शिकलेला असतो. यांपैकी कोठे मन बोलते आणि कोठे शरीर, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परक्या देशात हीच जाण परिश्रमाने मिळवावी लागते आणि ती मिळविण्याची कोणतीही पद्धतशीर सोय आज मराठी विद्यार्थ्यापाशी नाही.

अलंकार की पाया?

भाषाशिक्षणाच्या रूढ क्रमात वाक्प्रचारांना शेवटचे स्थान असते. आधी लिपी, मग शब्द, मग व्याकरण, मग वाक्यरचना आणि हे सगळे पार पडल्यावर वेळ उरलाच तर वाक्प्रचार व म्हणी. वाक्प्रचार म्हणजे भाषेचे दागिने. घर बांधून झाल्यावर रंगरंगोटी करावी तसे ते शिकावेत, अशी त्यामागील समजूत आहे. ही समजूत साहित्याच्या अभ्यासापुरती कदाचित चालेल. व्यवहाराच्या भाषेला ती लागू पडत नाही. रोजच्या बोलण्यात जे सर्वांत आधी कानी पडते तेच मुळी वाक्प्रचाराच्या स्वरूपाचे असते.

उझबेकिस्तानात काम करीत असलेल्या माणसाजवळून जाताना ‘हॉरमंग’ असे म्हणण्याची रीत आहे. याचा अर्थ ‘थकू नका’. त्यावर ‘बॉर बोलिंग’, म्हणजे ‘असेच असा, नांदत राहा’, असे उत्तर येते. प्रवासाला निघालेल्यास ‘ऑक योल’, म्हणजे ‘पांढरा रस्ता’, असे म्हणून निरोप देतात. जेवण रांधणाऱ्याचे किंवा एखादी वस्तू घडविणाऱ्याचे कौतुक करताना ‘कोलिंगिझ दर्द कोर्मासिन’, म्हणजे ‘तुमच्या हाताला वेदना न दिसो’, असा आशीर्वाद दिला जातो. ही वाक्ये व्याकरणाच्या पायरीवरून चढत जाऊन समजत नाहीत. ती सबंधच्या सबंध उचलावी लागतात आणि ती पहिल्या आठवड्यातच लागतात. रात्रपाळीच्या परिचारिकेला ‘हॉरमंग’ म्हणणाऱ्या आणि न म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वॉर्डात मिळणारी वागणूक सारखी राहील असे मानण्याचे कारण नाही.

तेव्हा वाक्प्रचार आधी शिकावेत की नंतर, हा प्रश्न निकालात निघाल्यासारखाच आहे. ते कोणत्या क्रमाने शिकावेत, हा खरा प्रश्न आहे. सर्व वाक्प्रचार सारखे कठीण नसतात आणि सारखे धोक्याचेही नसतात. मराठी माणसाच्या दृष्टीने उझबेक वाक्प्रचारांचे तीन गट सहज पाडता येतात.

पहिला गट ओळखीच्यांचा. निश्चयाने कामाला लागणे याला उझबेकमध्ये ‘बेल बॉग्लामॉक’, म्हणजे कंबर बांधणे, असे म्हणतात. मराठी माणूस कंबर कसतो. शरमेने मेल्याहून मेले झालेला उझबेक माणूस जमीन दुभंगावी आणि तिच्या पोटात शिरावे असे म्हणतो. मराठी माणूस धरणीमातेकडे तीच मागणी करतो. क्षुल्लक गोष्टीचा बाऊ करणारा तिकडे माशीचा हत्ती बनवितो, इकडे राईचा पर्वत करतो. गर्वाने फुगलेल्याचे नाक दोन्हीकडे वरच असते. मीठ खाऊन मिठाच्या भांड्यातच थुंकणारा तिकडचा कृतघ्न आणि खाल्ल्या मिठाला न जागणारा इकडचा, हे एकमेकांना ओळखतील. तोंडात ‘तल्कॉन’ घालून बसणे म्हणजे गप्प राहणे. तल्कॉन म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ. मिठाची गुळणी धरणाऱ्या मराठी माणसाला हे सांगताच उमगते. या गटासाठी फारसा वेळ खर्च करण्याची गरज नाही.

दुसरा गट अनोळखी पण प्रामाणिक वाक्प्रचारांचा. यांचा अर्थ लागत नाही, पण अर्थ लागला असा खोटा भासही होत नाही. ‘तर्वुझी कोल्तिगिदान तुश्दी’, म्हणजे ‘त्याचे कलिंगड काखेतून पडले’. बाजारातून मोठ्या हौसेने काखेत मारून आणलेले कलिंगड निसटून रस्त्यात फुटावे, तेव्हा माणसाचे जे होते ते येथे अभिप्रेत आहे. हिरमुसणे, अवसान गळणे हा त्याचा अर्थ. कलिंगड आणि खरबूज यांच्याशी तेथील जीवन इतके निगडित आहे की घोडचूक करणे यालाही ‘कॉवुन तुशिर्मॉक’, म्हणजे खरबूज पाडणे, असेच म्हणतात. अतिशय आनंद झाला की माणूस आपली दोप्पी, म्हणजे नक्षीची टोपी, आकाशात भिरकावतो. मराठीत टोपी घातली जाते किंवा फिरविली जाते, पण ती आनंदाने उडविली जात नाही. चटकन चिडणाऱ्या माणसाबद्दल ‘याचा सिरका पाणी सोसत नाही’ असे म्हणतात. बारा गावचे पाणी प्यालेल्या मराठी बेरकी माणसाचा उझबेक भाऊबंद ‘सापाची चरबी चाटलेला’ असतो. चपळ आणि हिकमती माणूस ‘शिडीवाचून तारा पाडणारा’ ठरतो. एकजुटीने वागणारे लोक ‘एकाच गळपट्टीतून डोकी बाहेर काढतात’. भोळसट, मंद माणसाला ‘अम्मामनिंग बुझॉगी’, म्हणजे ‘माझ्या आत्याचे वासरू’, म्हणतात. हे वाक्प्रचार एकदा समजावून दिले की त्यांतील चित्रामुळेच ते स्मरणात राहतात.

तिसरा गट फसव्या वाक्प्रचारांचा आणि खरी दक्षता येथेच हवी. यांचे शब्द मराठी माणसाला समजतात, त्यांवरून एक अर्थही चटकन मनात उभा राहतो आणि नेमका तोच चुकीचा असतो. ‘तेपा सॉची तिक्का बोल्दी’, म्हणजे ‘डोक्यावरचे केस उभे राहिले’. मराठीत केस उभे राहतात ते भीतीने. उझबेकमध्ये ते रागाने उभे राहतात. एखादा उझबेक गृहस्थ संतापाने लाल झाला असता तो घाबरला आहे असे समजून त्याला धीर देऊ गेल्यास काय प्रसंग ओढवेल याची कल्पना करता येईल. ‘कोझी तोर्त बोल्दी’, म्हणजे ‘त्याचे डोळे चार झाले’. हिंदीत डोळे चार होतात ते नजरानजर होऊन, मराठीत दोनाचे चार हात होतात ते लग्नात; उझबेकमध्ये मात्र चार डोळ्यांनी माणूस कोणाची तरी आतुरतेने वाट पाहत असतो. वर आलेले ‘डोके फिरणे’ हेही याच गटातले.

सुट्या शब्दांतही हा फसवेपणा आहे. फारसी व अरबीतून आलेले शेकडो शब्द दोन्ही भाषांत समान असल्यामुळे विद्यार्थ्याला प्रथम हर्ष होतो. कितॉब, कलम, बॉझॉर, दुश्मन, खबर, हिसॉब, जवॉब हे सारे त्याच्या परिचयाचे निघतात. पण ‘सब्झी’ मागितली तर गाजरे मिळतात, कारण तेथे सब्झी म्हणजे गाजर. ‘रहमत’ म्हणजे दया नव्हे, धन्यवाद. ‘दवलत’ म्हणजे संपत्ती खरीच, पण वर्तमानपत्रात तो शब्द दिसला तर त्याचा अर्थ बहुधा राज्य वा शासन असा असतो. ‘खैर’ हा शब्द ऐकून पुढे काही बोलणे यावयाचे आहे असे वाटते, तोवर बोलणारा निघून गेलेला असतो. कारण निरोप घेतानाच तो म्हणतात.

ज्या क्रमाने हे तीन गट येथे आले, त्याच क्रमाने ते सामान्यतः शिकविले जातात. सोपे आधी, कठीण नंतर, हे शिक्षणाचे जुने सूत्रच आहे. परंतु येथे ते उलटे करणे हिताचे आहे. ओळखीचे वाक्प्रचार विद्यार्थी स्वतःच ओळखतो. अनोळखी वाक्प्रचार कानी पडला की तो थांबतो, विचारतो. फसवा वाक्प्रचार मात्र त्याला थांबू देत नाही. आपल्याला समजले या समाधानात तो पुढे जातो आणि चूक झाली हे त्याला कळतही नाही. ज्या अज्ञानाची जाणीव होत नाही ते दूर करणे हेच शिक्षकाचे पहिले काम होय.

इंग्रजीचा वळसा

मराठी विद्यार्थी उझबेक शिकतो ती बहुधा इंग्रजीच्या द्वारे. हा द्राविडी प्राणायाम आहे. उझबेक ही तुर्की कुळातील भाषा आणि मराठी आर्यकुळातील, तेव्हा दोहोंचे नाते दूरचे, असे पुस्तकी उत्तर देता येईल. पण वाक्याची घडण पाहिली तर वेगळेच चित्र दिसते. क्रियापद दोन्ही भाषांत वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत नामाच्या आधी येणारे संबंधदर्शक शब्द दोन्हीकडे नामाच्या मागे लागतात. ‘कितॉबलारिमिझदान’ या लांबलचक शब्दाला इंग्रजी पुस्तकात अर्धे पान स्पष्टीकरण लागेल. मराठी माणसाला ‘आमच्या पुस्तकांतून’ एवढे सांगितले की पुरे. पुस्तक, अनेकवचन, आमचे आणि पंचमी एवढे चार मणी एका दोऱ्यात ओवले आहेत हे तो जाणतो.

संयुक्त क्रियापदांच्या बाबतीत तर हे साम्य विलक्षण आहे. ‘योझिब ऑल्दी’ म्हणजे लिहून घेतले. ‘योझिब बेर्दी’ म्हणजे लिहून दिले. ‘आय्तिब कोय्दी’ म्हणजे सांगून ठेवले. शब्दाला शब्द ठेवावा इतके हे जुळते. ‘लिहिले’ आणि ‘लिहून घेतले’ यांतील फरक इंग्रजीत समजावून सांगताना शिक्षकाची दमछाक होते. मराठी विद्यार्थ्याला तो बालपणापासून ठाऊक असतो. ‘येतो म्हणून सांगितले’ या वाक्यातील ‘म्हणून’चे काम उझबेकमध्ये ‘देब’ हा शब्द करतो आणि त्याचाही मूळ अर्थ ‘म्हणून’ असाच आहे. कॉलिन मसिका या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने दक्षिण आशियाचे भाषिक क्षेत्र निश्चित करण्यासाठी १९७६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशी कित्येक वैशिष्ट्ये भारताच्या सीमेवर न थांबता मध्य आशियात पसरलेली दाखविली आहेत.

अर्थात हे साम्यही डोळे मिटून स्वीकारावयाचे नाही. ‘उख्लाब कॉल्दी’ म्हणजे शब्दशः ‘झोपून राहिला’. मराठीत झोपून राहणारा मनुष्य आळशी असतो किंवा आजारी. उझबेकमध्ये त्याला नकळत झोप लागलेली असते. जेथे भाषा जुळतात तेथेच असे बारीक भेद लपलेले असतात आणि ते दाखविण्याचे काम मराठीतून लिहिलेले पुस्तकच करू शकेल. इंग्रजीतील पुस्तकाला ते साम्यही दिसत नाही आणि हा भेदही.

नात्यांचेही तेच. इंग्रजीतील एकाच ‘अंकल’मध्ये काका आणि मामा दोघेही बसतात. उझबेकमध्ये काका तो ‘अमाकी’, मामा तो ‘तॉगा’, आत्या ती ‘अम्मा’, मावशी ती ‘खॉला’. वडील भाऊ ‘अका’, धाकटा ‘उका’, थोरली बहीण ‘ऑपा’, धाकटी ‘सिंगिल’. अनोळखी माणसालाही वय पाहून अका किंवा ऑपा म्हणावयाचे, हा शिष्टाचार मराठी घरात वाढलेल्या मुलाला समजावून द्यावा लागत नाही. मराठी माणूस बसच्या वाहकाला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतोच. ‘सेन’ आणि ‘सिझ’ यांतील भेद म्हणजे तू आणि तुम्ही यांतील भेद. इंग्रजीच्या वळशाने गेल्यास या सर्व गोष्टी परक्या होऊन हाती येतात.

पाठांतर नको, प्रसंग हवा

वाक्प्रचार शिकावेत हे मान्य झाले तरी ते कसे शिकावेत हा प्रश्न उरतो. याबाबतीत महाराष्ट्रातील शाळांचा अनुभव उत्साहवर्धक नाही. ‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. विद्यार्थी यादी पाठ करतो, अर्थाच्या जागी अर्थ लिहितो आणि वाक्याच्या जागी एखाद्या रामाला अगर सीतेला आणून गुण मिळवितो. परीक्षा संपल्यावर त्यांतील एकही वाक्प्रचार त्याच्या बोलण्यात येत नाही. कोणी कोणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या स्वरात असे म्हणावे, याचा त्याला पत्ताच नसतो. स्वतःच्या भाषेत ही पद्धत निष्फळ ठरली असताना परभाषेत ती फळेल अशी आशा करणे व्यर्थ आहे.

परभाषेत तर त्यात धोकाही आहे. ‘सापाची चरबी चाटलेला’ हा वाक्प्रचार विद्यार्थ्याने पाठ केला आणि कौतुकाच्या भरात आपल्या प्राध्यापकासंबंधी वापरला, तर त्याने व्याकरणाची चूक केलेली नसते. पण ती चूक व्याकरणाच्या चुकीपेक्षा महाग पडते. म्हणून वाक्प्रचारांची आणखी एक विभागणी आवश्यक आहे. काही वाक्प्रचार ओळखण्यासाठी शिकावयाचे, काही वापरण्यासाठी. अभिवादन, निरोप, कौतुक, सांत्वन यांचे वाक्प्रचार वापरावेत. राग, थट्टा आणि निंदा यांचे वाक्प्रचार ऐकून समजले म्हणजे पुरे. परक्याने पाहुण्यासारखेच बोलावे. यजमानाची थट्टा करण्याचा अधिकार त्याला बऱ्याच वर्षांनी प्राप्त होतो.

या कामासाठी आदर्श शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. तुर्की भाषांचा पहिला थोर कोशकार महमूद काश्गरी याने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात अरबी जाणणाऱ्यांसाठी आपला शब्दकोश रचला. केवळ प्रतिशब्द देऊन तो थांबला नाही. शब्दांबरोबर त्याने म्हणी आणि लोकगीतांतील कडवी दिली. शब्द जिवंत दाखवावयाचा तर तो माणसांच्या तोंडी दाखविला पाहिजे, हे त्याने नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले होते. ताश्कंदचे भाषापंडित शावकत रहमतुल्लायेव यांनी १९७८ साली उझबेक वाक्प्रचारांचा स्पष्टीकरणात्मक कोश सिद्ध केला. मराठीतही मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची आवृत्ती आज दीड शतकानंतर चाळावीशी वाटते ती तिच्यातील प्रतिशब्दांपेक्षा तिने टिपून ठेवलेल्या वाक्प्रयोगांमुळे.

रशियनने भागेल काय?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. उझबेकिस्तान १९९१पर्यंत सोव्हिएत संघराज्याचा घटक होता. तेथील सुशिक्षितांना रशियन येते. मग जगाच्या मोठ्या भागात चालणारी रशियन शिकावी, पाच-सहा वर्षांच्या मुक्कामासाठी उझबेकचा खटाटोप कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. ताश्कंदमध्ये रशियनने पुष्कळ कामे होतात. परंतु उझबेकला राज्यभाषेचा दर्जा देणारा कायदा २१ ऑक्टोबर १९८९ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, झाला आणि त्यानंतर वाढलेल्या पिढीचे शिक्षण प्रामुख्याने उझबेकमधून झाले. खेड्यातून आलेली वृद्ध स्त्री आपले दुखणे रशियनमध्ये सांगेल, अशी अपेक्षा बाळगता येत नाही. शिवाय दुखणे सांगताना माणूस शिकलेल्या भाषेतून जन्मभाषेकडे वळतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

दुसरा आक्षेप लिपीचा. उझबेक लिपीइतके हाल फार थोड्या लिप्यांच्या वाट्याला आले असतील. शतकानुशतके अरबी लिपीत लिहिली जाणारी ही भाषा १९२०च्या दशकाच्या अखेरीस रोमन लिपीत आली. १९४० साली तिच्यावर रशियन वळणाची सिरिलिक लिपी आली. १९९३ साली पुन्हा रोमन लिपीचा कायदा झाला, १९९५ साली त्या वर्णमालेत बदल झाले आणि आजही दोन्ही लिप्या शेजारी शेजारी वावरताना दिसतात. आजोबांची पुस्तके नातवाला वाचता येऊ नयेत, अशी स्थिती एकाच शतकात वारंवार आली. मोडी विसरलेल्या महाराष्ट्राला या दुःखाची थोडीशी कल्पना येऊ शकेल.

परंतु या उलथापालथीतून वाक्प्रचार जवळजवळ अभंग राहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. लिपी शासनाच्या आज्ञेने बदलते, परिभाषा समित्यांच्या ठरावाने बदलते. काखेतील कलिंगड मात्र कोणत्याही ठरावाने हलत नाही. म्हणून लिपीच्या गोंधळाने बिचकलेल्या विद्यार्थ्याने कानाने शिकण्यास आरंभ करावा, हेच शहाणपणाचे. आणि मराठी विद्यार्थ्याला देवनागरीचा आधार घेण्यासही हरकत नाही. उझबेकमधील पसरट ‘ऑ’ हा स्वर लिहिण्याची सोय मराठीने इंग्रजी शब्दांसाठी केव्हाच करून ठेवली आहे.

जुनी ओळख

उझबेक लोकांना आपल्या भाषेचा अभिमान आहे आणि तो आजचा नाही. मीर अलीशेर नवाई याने १४९९ साली तुर्की आणि फारसी या दोन भाषांची तुलना करणारा प्रबंध लिहिला. दरबारात फारसीचा बोलबाला असताना त्याने तुर्कीची शंभर क्रियापदे काढून फारसीत त्यांना तोड नाही असे प्रतिपादन केले; नुसत्या रडण्याच्या निरनिराळ्या छटांसाठी तुर्कीपाशी निरनिराळे शब्द आहेत, हे दाखविले. त्याच परंपरेतील भाषेत अंदिजानच्या बाबराने आपले आत्मचरित्र लिहिले. त्याचा फारसी अनुवाद करून १५८९ साली तो अकबराला सादर करणारा अब्दुर्रहीम खानखाना पुढे दक्षिणेच्या मोहिमेवर अहमदनगरपर्यंत आला होता.

अशा वाटांनी आलेले तुर्की शब्द मराठीत आजही नांदत आहेत. कैचीत सापडणारा मराठी माणूस तुर्की कैचीतच सापडतो. उझबेक लोक कात्रीला ‘कय्ची’ म्हणतात. शिवकालीन लढायांच्या वर्णनात वारंवार येणारी चकमक उझबेक आकाशात वीज होऊन चमकते. मशालची आणि तोपची यांतील ‘ची’ आणि उझबेकमधील शिक्षक, कामगार इत्यादींच्या नावांना लागणारा ‘ची’ एकच. नव्या काळात ताश्कंदचे नाव महाराष्ट्राच्या मनावर कोरले गेले ते जानेवारी १९६६मध्ये. करारावर १० तारखेला सह्या झाल्या आणि त्याच रात्री लालबहादुर शास्त्रींचे तेथे निधन झाले. तेव्हा संरक्षणमंत्री असलेले यशवंतराव चव्हाण त्या शिष्टमंडळात होते. इतक्या जुन्या आणि इतक्या निकटच्या ओळखीनंतरही मराठीतून उझबेक शिकण्याची व्यवस्थित सोय असू नये, ही भूषणावह गोष्ट नव्हे.

ही उणीव भरून काढण्यास कोट्यवधी रुपयांची किंवा नव्या संस्थेची आवश्यकता नाही. शंभर-दीडशे पानांची एक हस्तपुस्तिका पुरेशी आहे. तिच्यात दोन-तीनशे वाक्प्रचार असावेत. फसवे आधी, अनोळखी नंतर, ओळखीचे शेवटी. प्रत्येकापुढे शब्दशः अर्थ, खरा अर्थ, जवळचा मराठी वाक्प्रचार आणि तो कोणी कोणाला म्हणावयाचा हे नमूद असावे. दुखण्याखुपण्याच्या भाषेसाठी स्वतंत्र प्रकरण असावे. देवनागरीतील उच्चारांबरोबर रोमन व सिरिलिक अशी दोन्ही रूपे द्यावीत. विद्यापीठांचे भाषाविभाग आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मनावर घेतल्यास हे काम सहज होण्यासारखे आहे. त्यासाठी लागणारे संग्राहक तर तयारच आहेत. तेथील रुग्णालयांतून वावरलेला वरच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थी आपल्या चुकांची आठवण ठेवून असतो आणि त्या चुकांची वही हीच अशा पुस्तिकेची पहिली संहिता होय.

‘तिल बिल्गान एल बिलादी’, म्हणजे ‘भाषा जाणणारा लोकांना जाणतो’, अशी उझबेक म्हण आहे. मुलांना परदेशी धाडताना मराठी पालक शुल्काची, वसतिगृहाची आणि जेवणाची चौकशी करतात, ती करावीच. पण त्या मुलांसमोर उद्या जो रुग्ण बसणार आहे तो काय म्हणेल आणि त्याचा अर्थ काय, याचीही चौकशी कोणी तरी केली पाहिजे. चक्कर येणाऱ्या माणसाला रागीट समजून परत पाठविणारा डॉक्टर परीक्षेत कितीही गुण मिळवून आला, तरी त्या माणसाच्या ते काय कामाचे?